डब्यातलं हळदीकुंकू

बी दिलं दवाखान्यातल्या मल्लेशम कंपाउंडरनं,
औषधाच्या पुडीत बांधून.
पुडीवर सवयीनं लिहिलं : सकाळ, संध्याकाळ, पाण्यासोबत.
कशावर आहे हे, मी विचारलं.
म्हणाला, अक्का, फुलपाखरांवर.

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा,
बुडाला खिळ्यानं सहा भोकं,
काळी माती हगलूरच्या बांधावरची.
नळ पाचव्या दिवशी, म्हणून
तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
माझं पिऊन उरेल ते सगळं.

नाव विचारून ठेवलं होतं.
हळदीकुंकू.
फुलं आली तेव्हा कळलं, नावात खोट नाही :
वर हळद, खाली मागे वळलेलं कुंकू.
आठ वर्षं झाली, मला कुणी लावलं नव्हतं.
मग मीच लावलं,
डब्यात.

शेजारची अंबुबाई कोंगारी म्हणाली,
रुईच्या जातीचं ते, चीक डोळ्यात गेला तर बघ,
शेळीसुद्धा तोंड लावत नाही.
मी म्हटलं, माझ्या सुपात काय केशर आहे?
तीस वर्षं तंबाखू भरतेय.
भाकरी थापली तरी हाताला भाकरीचा वास येत नाही.

मग अळ्या आल्या.
काळे पट्टे, पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके,
चादरीच्या किनारीचा उरलेला तुकडा
उठून चालू लागावा तशा.
ह्यांनी बघितल्या असत्या तर
माग थांबवून नक्षीचा कागद काढला असता.
अंबुबाईनं फवाऱ्याची बाटली आणून दिली.
मी ती संध्याकाळी
तिच्याच उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

पान खातात कशा, बघत बसले.
कडेनं सुरू करतात, शीरही सोडत नाहीत.
मीही पान कडेनंच कापते,
पत्र्याचा साचा ठेवून,
शीर काढून,
हजार म्हणजे हजार.
त्यांना मोजून घेणारं कुणी नाही.

आठवड्यात झाड बोडकं.
(हा शब्द मी मोठ्यानं म्हटला नाही.)

एक अळी दिसेना.
डब्यामागे बघितलं, मोरीत बघितलं.
सुपाच्या काठाला उलटी लटकली होती.
दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा कोष,
त्यावर सोन्याचे टिपके,
मंगळसूत्राच्या मण्याएवढेही नाहीत.
आता सूप हलवायचं नाही.
मग काम कशावर?
नऊ दिवस परातीत केलं.
पौषातल्या सकाळी
मांडीवर परात फार गार लागते.

संक्रांतीला गल्लीतल्या बायका वाण घेऊन गेल्या
माझ्या दारावरून,
पदर सावरत, पलीकडच्या भिंतीकडे बघत.
मी आतच होते.
कोष काळा पडला होता.
गेलं, म्हटलं.
बॅटरी जवळ धरली,
तर आत नारिंगी.

बाहेर यायला चहा उकळेल एवढाच वेळ.
पंख मात्र चुरगळलेले,
पिळून न झटकलेल्या पातळासारखे.
कंपाउंडर म्हणाला होता, ह्याला बिबळ्या कडवा म्हणतात.
झाडाचं विष पोटात ठेवतो.
पाखरू एकदा चोच लावतं, परत नाही.
म्हणजे गोड असता
तर केव्हाच गेला असता.

बोटावर घेतला.
ह्याच, तंबाखूच्या.
बसला.
बराच वेळ बसला.
मग पत्र्यावरून चिमणीच्या बाजूला गेला,
मिलच्या, जी आता धूर सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साठ विड्या कमी.
चेकर म्हणाला, काय लच्चव्वा, बरं नव्हतं?
मी म्हटलं,
घरी हळदीकुंकू होतं.
त्यानं वर बघितलं,
माझ्या कपाळाकडे,
आणि पुढचा कट्टा छाटायला घेतला.